आधी उजवा हात

मिलकामावशी दमली आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं, कारण दमली की ती आणखी कडक व्हायची. इतर माणसं थकली की जरा टेकतात. ही थकली की समोरच्याच्या चुका काढायची.

मी नीना, तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. लंडनमधल्या हाउन्सलोच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या म्युनिसिपालटीत, पार्किंगच्या खात्यात काम करते. ज्यांना दंड झालाय त्यांची रडगाणी दिवसभर वाचायची आणि कुणाला सोडायचं, कुणाला नाही ते ठरवायचं, ही माझी नोकरी. कुणाची बायको बाळंत होत होती, कुणाचं घड्याळ बंद पडलं होतं. संध्याकाळपर्यंत मला खरं बोलणाऱ्यांचाही कंटाळा येतो. तेव्हा मावशीबद्दल सांगताना माझा सूर कुठे तिरकस लागला, तर तो नोकरीचा दोष समजा.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात मराठी, प्रार्थना हिब्रू, आणि आता पोरांच्या तोंडी इंग्रजी. मावशी पेझारकरांकडे दिलेली. लग्नानंतर दोनच वर्षांत शालोमकाका तिला घेऊन विलायतेला आले ते कायमचे. काका पोस्टात लागले आणि मावशी विमानतळाजवळच्या एका मोठ्या किचनमध्ये, जिथे विमानातल्या जेवणाचे ट्रे भरतात. सरकत्या पट्ट्याच्या अगदी शेवटी ती उभी असायची. ट्रेमध्ये चमचा नसला, झाकण तिरकं बसलं असलं, की डावा हात पुढे करून तो ट्रे बाजूला. मावशी जन्माची डावखुरी. तिच्या हाताखालच्या पोरी त्या हाताला टरकून असायच्या.

तिचं दुसरं काम बिनपगारी. आमच्यात कुणी वारलं की मयताला शेवटची आंघोळ घालून पांढरं कफन नेसवायचं, ते पोटच्या मुलांनी नाही, समाजातल्या एका गटाने. पुरुषांना पुरुष, बायकांना बायका. पश्चिम लंडनमधल्या आमच्या मूठभर घरांसाठी बायकांचा गट होता चौघींचा: मावशी, सोफीमावशी, रूबी आणि मी. प्रमुख अर्थात मावशी. मला तिने ओढलं तेव्हा मी म्हटलं, मला भीती वाटते. ती म्हणाली, "वाटू दे. हात स्वच्छ आहेत ना?"

त्या खोलीतले नियम तिने आम्हाला घोकून घोकून शिकवले. गरजेपलीकडे बोलायचं नाही. मयताच्या अंगावरून कुठलीही वस्तू पलीकडे द्यायची नाही, वळसा घालून जायचं. धुताना आधी उजवी बाजू, मग डावी. त्यानंतर तीन बादल्या पाणी डोक्यापासून पायांपर्यंत सोडायचं, आणि ते एका धारेत: पहिलीची बादली संपायच्या आत दुसरीने सुरू करायचं, दुसरीची संपायच्या आत तिसरीने. धार मध्ये तुटली, तर पुन्हा पहिल्यापासून. आणि सगळं झाल्यावर प्रमुख बाईने मयताचं नाव घेऊन क्षमा मागायची, की आमच्या हातून तुझ्या मानाला काही उणं पडलं असेल तर माफ कर.

उजवी बाजूच आधी का, हे मला शालोमकाकांनी सांगितलं. काकांना काबालाचा नाद होता. काबाला म्हणजे आमच्याकडची गूढविद्या. पोस्टातून आले की चहा घेऊन त्यातच डोकं घालून बसायचे. ते सांगायचे, देवाचा उजवा हात म्हणजे हेसेद, दया, जी देत सुटते. डावा हात म्हणजे गेवुरा, न्याय, जो 'पुरे' म्हणतो. दोन्ही त्याचेच. म्हणून सकाळी उठल्यावर हात धुतानाही पाणी आधी उजव्यावर घालायचं, म्हणजे दिवसभर दयेचा हात वरचढ राहतो.

त्यांच्या बेसिनला जुन्या इंग्रजी पद्धतीचे दोन वेगळे नळ होते. एकातून कढत पाणी यायचं, दुसऱ्यातून बर्फासारखं. काका मला त्या बेसिनपाशी उभं करून म्हणायचे, "बघ नीना, नुसता हा सोडला तर भाजतं, नुसता तो सोडला तर बोटं गारठतात. देवाने जग केलं तेव्हा बेसिनला बूच लावलं आणि दोन्ही नळ एकदम सोडले. म्हणून आपण जगतोय."

"मग या घरातला कढत नळ कोण ते पण सांगा तिला," मावशी आतून ओरडायची.

काका हसायचे. ते हसायचे आणि दीनाला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, हवं ते द्यायचे. शाळेची ट्रिप, नवे बूट, मैत्रिणीकडे राहणं, सगळ्याला हो. मग 'नाही' म्हणायला घरात उरायचं कोण? तापात औषध नाक दाबून पाजलं मावशीने, लाडाने नानकटाई भरवली काकांनी. दीना मोठी होऊन सांगायची, माझे पप्पा म्हणजे देवमाणूस. मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं, की घरात वाईटपणा घेणारं दुसरं कुणी असलं की देवमाणूस व्हायला फारसं काही लागत नाही. काकांवर माझा जीव होता, तरीही हे म्हणते.

हात धुण्यावरूनसुद्धा मायलेकींची रोजची कटकट. मावशी तिला समोर उभी करून शिकवायची आणि पोर आरशात बघितल्यासारखी नक्कल करायची. आईने जो हात पुढे केला त्याच्या समोरचा ती पुढे करायची, म्हणजे डावा. "आधी उजवा!" हे दोन शब्द त्या घरात इतक्या वेळा ऐकलेत की माझेच कान किटले होते.

तिसऱ्या गल्लीत फ्लोराआत्या राहायची, काकांची थोरली बहीण. मूलबाळ नाही, जीभ साखरेची, दार सदा उघडं. खिडकीत सब्जाची कुंडी आणि टेबलावर कुणा ना कुणासाठी झाकून ठेवलेलं ताट. दीनाला मावशी रागावली की ती तडक आत्याकडे. आत्या मावशीला "बाय, तुझंच बरोबर" म्हणायची आणि मागल्या दाराने पोरीला पैसे द्यायची. मावशी तिला आपल्या जुन्या पद्धतीने 'वन्सं' म्हणायची, मान ठेवून वागायची, आणि आतल्या आत धुमसायची.

भडका उडाला तो दीनाच्या लग्नावरून. मुलगा प्रज्ञेश, साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात डॉक्टर, नागपूरकडच्या बौद्ध घरातला. मुलगा हिरा, त्यात वाद नाही. पण मावशी नाही म्हणाली. तिचं म्हणणं मी तिच्याच शब्दांत सांगते, म्हणजे माझ्याकडून अन्याय नको: "आपण मूठभर. इतकी शतकं कुणी ना कुणी नाही म्हणत राहिलं म्हणून उरलो. आज मीच हो म्हणू?" काका रडले, आणि रडत रडत गेले लग्नाला. साउथहॅम्प्टनच्या रजिस्टर ऑफिसात सह्या झाल्या, आणि जेवणावळ घातली फ्लोराआत्याने. मावशी त्या दिवशी घरात बसून पडदे धूत होती.

त्यानंतर तिने फ्लोराआत्याचं दार ओलांडलं नाही. 'वन्सं' जाऊन 'ती बाई' झाली. चार वर्षांनी काका गेले तेव्हा दीना आली, कबरीच्या एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला आई. मध्ये फ्लोराआत्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. सात दिवसांचं सुतक झालं आणि दीना परत गेली. नंतर तिला मुलगी झाली, ईशिता. नातीचा फोटो मीच मावशीला दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, "फ्रॉक पातळ आहे. थंडी वाजेल."

काका गेल्यावर तर तिच्याकडे नुसता डावा हातच उरला. रिटायर झाली होती, खांदा आखडला होता, आणि तोही डावाच. डॉक्टर म्हणाला फ्रोझन शोल्डर, विश्रांती घ्या. ती आमच्या गटात आणखी बारीकसारीक चुका काढायला लागली. रूबी, आमच्यातली सगळ्यात लहान, एकदा रडून म्हणाली, "नीना, मेल्यावर मला दुसऱ्या कुणाकडून धुऊन घे."

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत फ्लोराआत्या हॉस्पिटलात होती. मी संध्याकाळी भेटायला गेले. चेहरा एवढासा झालेला, पण तोंड गोडच. माझा हात धरून म्हणाली, "नीना, मिलकाला सांग, मला तिनेच धुवायचं. तुम्ही बाकीच्या माझ्यावर माया कराल, आणि कुठेतरी साबण राहून जाईल." स्वतःच हसली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

मी थेट मावशीकडे गेले. ती स्वयंपाकघरात उभी राहून वाल सोलत होती, एका हाताने. मी सांगितलं. तिने वाल सोलणं थांबवलं नाही.

"मी नाही येणार," ती म्हणाली. "मनात राग धरलेल्या माणसाने मयताला हात लावू नये. नियम आहे."

"मावशी, सोफीमावशी बर्फावरून पडलीय, तिचा हात प्लास्टरमध्ये. मी आणि रूबी दोघीच उरतो. तीन बादल्यांची धार दोघींनी कशी करायची? मग मोठ्या दफन-सोसायटीच्या बायकांना बोलवावं लागेल. त्या नीट करतील, पण त्यांना आत्या माहीत नाही. कागदावर नाव बघून करतील."

"करू देत."

मी पार्किंगच्या तक्रारी वाचणारी बाई, मला कुठे थांबायचं ते कळतं. मी फक्त आत्याचा निरोप शब्दाला शब्द सांगितला, साबणासकट. मावशीने वालाचा दाणा बोटात धरून ठेवला.

"मेली तरी मलाच कामाला लावते," ती म्हणाली. मग तो दाणा ताटलीत टाकून, "सगळं करीन गं. आंघोळ घालीन, कपडे नेसवीन. पण शेवटची क्षमा? ती नुसत्या ओठांनी मागितली तर केलेलं सगळं वाया. आणि मला ती मनातून येत नाही, नीना. मी दमलेय. आयुष्यभर सगळ्यांनी माझ्या जिवावर चांगुलपणा केला. आता तिचीच माफी मी मागू?"

आत्या तिच्या हातून नीट निरोप घेऊन जाणार की नाही, हे त्या एका वाक्यावर अडलं होतं, आणि ते वाक्य मावशीच्या गळ्यात होतं. मी वाल सोलायला बसले.

शुक्रवारी सकाळी ती बस-स्टॉपवर माझ्या आधी उभी होती. काळा कोट, डोक्याला रुमाल. कबरस्तानापर्यंत दोन बस बदलाव्या लागतात.

कबरस्तानाच्या आवारातल्या त्या लहानशा खोलीबाहेर दीना बाकावर बसली होती, मांडीवर स्तोत्रांचं पुस्तक. रात्रीच साउथहॅम्प्टनहून आली होती. डोळे सुजलेले. आईला बघून ती उभी राहिली. मावशी तिच्यासमोर क्षणभर थांबली, "स्वेटर घातलायस ना?" म्हणाली, आणि आत गेली.

आत मावशीने दोन्ही नळ सोडून बादल्यांतलं पाणी कोमट केलं. कोपर बुडवून बघितलं, थोडं गार घातलं, पुन्हा बघितलं. आम्ही चादरीखालून धूत गेलो, जेवढं धुवायचं तेवढंच उघडून. उजवा खांदा, उजवा हात, उजवी कूस, उजवा पाय. मग डावी बाजू. मावशीने आत्याच्या नखांतला मळ काढला, कानामागे पुसलं. साबणाचा कण राहू दिला नाही. तिच्या तोंडावर काही दिसत नव्हतं, ट्रे तपासताना असेल तसंच.

मग धार. पहिली बादली रूबीची. ती संपत आली तशी मी माझी सुरू केली. माझी संपत आली आणि मावशीने तिची उचलली, सवयीने डाव्या हाताने. खांदा वर गेलाच नाही. बादली तिरकी झाली, पाणी फरशीवर गेलं. माझी बादली रिकामी झाली, आणि मग तिची धार पडली. मध्ये एक श्वासभर काहीच नव्हतं.

रूबी माझ्याकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "मावशी, झालंच होतं. एवढंसं तर राहिलं. चालेल ना?"

मीही मान हलवली. मी असते तर सोडून दिलं असतं. म्हातारी बाई, आखडलेला खांदा, गारठलेली खोली, आणि बघायला कोण होतं? रोज यापेक्षा कमी कारणावर लोकांना सोडते मी.

"पुन्हा," मावशी म्हणाली.

मला राग आला तिचा, खरं सांगते. इथेही? आजही? पण ती बादल्या घेऊन नळाकडे गेली होती. तिन्ही भरल्या, तिन्ही कोमट केल्या, कोपराने बघितल्या. तिसरी उचलताना मला म्हणाली, "मी उजव्याने धरते. माझी धार सुरू होईस्तोवर तू तुझी बारीक चालू ठेव. घाई करू नकोस." उजव्या हाताची तिला सवय नव्हती. पण बादली वेळेवर उचलली गेली, आणि धार अखंड आत्याच्या डोक्यापासून पायांपर्यंत गेली. तेव्हा मी मावशीकडे पाहिलं. ती रडत होती, आवाज न करता, आणि पाण्यावरची नजर न काढता. आता वाटतं, त्या खोलीत फ्लोराआत्यावर तेवढी माया आम्ही दोघींनी केली नाही. आम्ही तिला अपुरं पाठवायला निघालो होतो.

अंग टिपलं, पांढरे कपडे नेसवले. त्यांना खिसे नसतात आणि गाठी मारायच्या नसतात, नुसते फास. आत्याला पेटीत ठेवलं. आता प्रमुख बाईचं वाक्य. आम्ही दोघी पायाशी उभ्या राहिलो. मावशीने हिब्रूतलं ठरलेलं म्हटलं, याकोबची मुलगी फ्लोरा, इथपर्यंत, आणि थांबली. रूबीने माझा हात धरला.

"वन्सं," मावशी म्हणाली.

आठ वर्षांत तो शब्द मी ऐकला नव्हता.

"वन्सं, धार तुटली माझ्या हातून. पुन्हा केली. आणखी काही उणं राहिलं असेल तर क्षमा करा." मग खाली बघून, बारीक आवाजात, "मी पोरीला दार लावलं होतं. तुम्ही उघडं ठेवलंत. मला तुमचा राग होता, तो त्याचाच होता. मी लावणार आणि तुम्ही उघडणार, हे मला सोसलं नाही. क्षमा करा." तिने झाकण आपल्या हाताने सरकवलं.

दफन लवकर उरकलं. शुक्रवार होता; सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे आमचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस, लागतो, आणि हिवाळ्यात तो दुपारीच येऊन उभा राहतो. माणसं थोडीच होती. कबरस्तानातून निघताना फाटकाजवळच्या नळावर सगळ्यांनी हात धुवायचे असतात. तिथे दोन कड्यांचा तांब्या ठेवलेला असतो. मी धुतले, रूबीने धुतले. मावशीची पाळी आली. तिने भरलेला तांब्या उजव्या हाताने उचलून पाहिला, डाव्याने पाहिला. दोन्ही हात संपले होते. तांब्या तिने परत कठड्यावर ठेवला आणि नुसती उभी राहिली. चाळीस वर्षं बघतेय, मावशीला असं काही न करता उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

दीना माझ्या मागे होती. ती पुढे आली.

"आई, मी घालू का पाणी? तुझी खांदा हर्ट होतेय ना?"

मावशीने हात पुढे केले. दीना तिच्यासमोर उभी राहिली, तांब्या उचलला, आणि लहानपणी करायची तेच केलं. पहिलं पाणी तिच्या उजवीकडच्या हातावर पडलं, म्हणजे आईच्या डाव्यावर. ते दोन शब्द आता येणार, हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं की मी नजर दुसरीकडे वळवली.

शब्द आले नाहीत. दीनालाच आठवलं. तिचा चेहरा लाल झाला. "ओ गॉड, सॉरी आई. उजवा फर्स्ट ना? मी नेहमी हा चूक करते."

मावशी आपल्या ओल्या डाव्या हाताकडे बघत होती. गार पाण्याने तो लाल झाला होता.

"राहू दे," ती म्हणाली. "तोही माझाच हात आहे."

मग तिने उजवा हात पुढे केला, आणि दीनाने तांब्यातलं उरलेलं सगळं पाणी त्याच्यावर घातलं.